रोजच्या गोळ्या: न सांगता बंद करू नका

"बीपी आता एकशेवीस-ऐंशी येतोय, मग गोळी बंद केली तर चालेल का?" पणदरे, माळेगाव, कोऱ्हाळे, वडगाव निंबाळकर या पट्ट्यातले वाचक सर्वांत जास्त विचारतात तो हा प्रश्न. त्याच्या मागोमाग बाकीचे येतात. एक दिवस गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का? मेडिकलवाल्याने दुसऱ्याच कंपनीची दिली, घेऊ का? एकादशीला शुगरची गोळी घ्यायची की नाही? या गोळ्यांनी किडनी जाते म्हणतात, खरे का? आणि दर महिन्याचा खर्च झेपत नाही, स्वस्त कुठे मिळेल?

प्रश्न निरनिराळे असले तरी घोटाळा बहुतेक वेळा एकाच जागी होतो. गोळी बंद होते, अर्धी होते किंवा बदलते आणि डॉक्टरांना ते कळतच नाही. पुढच्या भेटीत बीपी वाढलेला दिसतो. डॉक्टरांना वाटते, आहे ती गोळी पुरत नाही, म्हणून ते आणखी एक लिहून देतात. घरी आल्यावर माणूस घाबरून जुनी आणि नवी दोन्ही नेमाने घ्यायला लागतो आणि पहाटे उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन मोरीत पडतो. इथे चूक औषधाची नव्हती आणि डॉक्टरांचीही नव्हती. मधली एक गोष्ट सांगायची राहून गेली होती.

पुढचे मार्गदर्शन बीपी, शुगर, थायरॉइड, हृदयविकार, फिट, संधिवात, मानसिक आजार अशा कोणत्याही कारणाने रोज औषध घेणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या गोळीचा डोस मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील.

रीडिंग नॉर्मल आले, आता पुढे?

रीडिंग नॉर्मल आले ते गोळी चालू आहे म्हणून. बीपी किंवा शुगरच्या गोळीची सवय लागत नाही. ती बंद केल्यावर त्रास होतो, कारण दाबून ठेवलेला आजार पुन्हा डोके वर काढतो. तेही लगेच जाणवत नाही. आठ-पंधरा दिवस बरे वाटते, आणि माणसाला खात्री पटते की गोळीची गरजच नव्हती. वाढलेला बीपी दुखत नाही, खुपत नाही. थेट अर्धांगवायूचा झटका येतो तेव्हा कळते.

खरोखर सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांची. त्या वर्षानुवर्षे मनाने घेऊ नयेत आणि मनाने एकदम बंदही करू नयेत.

गोळी कधीच कमी होत नाही असेही नाही. वजन उतरले, जेवणातले मीठ, पापड, लोणचे कमी झाले, तंबाखू-मशेरी सुटली, रोज चालणे सुरू झाले, तर डॉक्टर डोस कमी करून पाहू शकतात. हे तुम्ही स्वतः विचारा. "माझी गोळी कमी करून बघता येईल का? केली तर किती दिवसांनी तपासायला येऊ?" एवढे दोन प्रश्न पुरतात. चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

पुढील औषधे एकदम बंद करणे धोक्याचे आहे. संपायच्या आठवडाभर आधीच ती आणून ठेवा:

- मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, क्लोनिडीन: अचानक थांबवल्यास बीपी किंवा नाडी उसळते, हृदयरुग्णाच्या छातीत दुखू लागते.
- प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड: काही आठवडे घेतल्यावर शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी करते. डोस पायरीपायरीनेच उतरवावा लागतो.
- फिटची औषधे: दोन-तीन डोस चुकले तरी फिट येऊ शकते. ती विहिरीच्या काठावर किंवा गाडी चालवताना आली तर जीवावर बेतते.
- अँजिओप्लास्टीनंतरची अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल: स्टेंट बंद पडू शकतो. दात काढायच्या आधी गोळी थांबवा असे कोणी सांगितले, तर थांबवण्यापूर्वी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा.
- नैराश्य आणि इतर मानसिक आजारांची औषधे: बरे वाटू लागले की बंद करायचा मोह सर्वांत जास्त होतो तो इथे. आजार उलटण्याचे तेच मोठे कारण आहे.

उलट, ओठ-चेहरा सुजणे, अंगावर पुरळ उठून ताप येणे, शौचाला डांबरासारखे काळे होणे, डोळे पिवळे पडणे यांपैकी काही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सूज घशाकडे सरकत असेल आणि श्वास अडत असेल तर १०८ ला फोन करा. रामिप्रिल, एनालाप्रिल यांनी कोरडा खोकला आणि अ‍ॅम्लोडिपिनने पायांवर सूज येते. हे त्रास धोक्याचे नसतात, पण महिनोन् महिने सोसत बसायचेही कारण नाही. दुसरी गोळी मिळू शकते.

दिवस राहावेत असे मनात असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, फिटचे व्हॅल्प्रोएट, संधिवाताचे मेथोट्रेक्सेट ही औषधे गर्भाला अपाय करू शकतात. दिवस आधीच राहिले असतील तर त्याच दिवशी दाखवा. फिटची गोळी मात्र तेव्हाही मनाने थांबवू नका.

एक कागद तयार करा

फाइल जाडजूड असते आणि नेमकी गरज असते तेव्हा ती घरी राहते. म्हणून एकाच कागदावर लिहा: गोळीचे मूळ नाव (कंपनीचे नाव नव्हे), किती मिलीग्रॅम, कधी घ्यायची, कशासाठी, कोणी लिहून दिली, कधीपासून. खाली अ‍ॅलर्जी आणि घरातल्या एका माणसाचा फोन. त्याचा फोटो तुमच्या, मुलाच्या आणि सुनेच्या मोबाइलमध्ये असू द्या.

मूळ नाव लिहायला सांगतो त्याला कारण आहे. बारामतीच्या डॉक्टरांनी एका कंपनीची टेल्मिसार्टन दिलेली असते. गावात ताप दाखवायला जाता तेव्हा बीपी वाढलेला दिसतो आणि तिथे दुसऱ्या कंपनीची टेल्मिसार्टन मिळते. पाकिटांचे रंग वेगळे, नावे वेगळी, म्हणून दोन्ही चालू राहतात. गोळीच्या नावापुढची अक्षरेही बघा. टेल्मिसार्टनच्या नावापुढे 'एएम' असेल तर सहसा त्यात अ‍ॅम्लोडिपिन मिसळलेले असते, 'एच' असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड. अशी जोडगोळी चालू असताना अ‍ॅम्लोडिपिनची वेगळी गोळीही सुरू राहिली की डोस दुप्पट होतो, पाय सुजतात, आणि सुजेसाठी लघवीची तिसरी गोळी मागे लागते. कागदावर मूळ नावे एकाखाली एक आली की हे कोणाच्याही लक्षात येते.

चिठ्ठीवरच्या खुणा माहीत असू द्या. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे गरज लागली तरच.

इथे एका गोळीबद्दल मुद्दाम थांबून सांगावेसे वाटते. संधिवाताची किंवा सोरायसिसची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या, म्हणून हीही रोज घेतली जाते, आणि तोंडात फोड येणे, रक्तातल्या पेशी कोसळणे, जीव जाणे इथपर्यंत गोष्ट जाते. वार ठरवा, तो वार पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि ते पाकीट रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवूच नका.

पाकिटातून गोळ्या कापतानाही एक काळजी घ्या. मुदत संपण्याची तारीख बहुधा पाकिटाच्या एका टोकाला छापलेली असते. ते टोक शेवटपर्यंत राखा, कापायला दुसऱ्या बाजूने सुरुवात करा. मेडिकलमधून कापून दिलेल्या पाच-सहा गोळ्या घेत असाल तर तारीख बघून बिलावर लिहून घ्या.

गोळी चुकली, उलट्या झाल्या, उपवास आला

चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर तेव्हाच घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नका. शुगरची गोळी, इन्सुलिन, रक्त पातळ करणारी गोळी, फिटची गोळी यांच्याबाबत चुकल्यास काय करायचे ते आजच विचारून कागदावर लिहून ठेवा.

वेळेचे काही नियम पाळावेतच. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, आणि चहा किमान अर्ध्या तासाने. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांत आणि तिच्यात चार तासांचे अंतर ठेवा. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर. जी गोळी पोटात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते (नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर) ती कुटून किंवा चावून घेऊ नका.

जुलाब-उलट्या लागल्या, पाणीही टिकत नाही, अशा दिवशी लघवीच्या गोळ्या, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन यांचा किडनीवर ताण येऊ शकतो. त्या दिवशी कोणती गोळी थांबवायची हे डॉक्टरांना फोन करून ठरवा. इन्सुलिन मात्र जेवण नाही म्हणून पूर्ण बंद करायचे नसते.

उपवासाचा खरा धोका आहे तो ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना. गोळी पोटात आणि अन्न नाही, म्हणजे शुगर उतरणारच. घाम फुटणे, हात थरथरणे, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे दिसताच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग काहीतरी खा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर उलटेच होते, शुगर भराभर चढते. म्हणून एकादशी आणि नवरात्रासाठी वेगळा डोस आधी लिहून घ्या. बीपीची, थायरॉइडची, फिटची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेतल्याने उपवास मोडतो असे कोणत्याही देवाला वाटणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

किडनी कशाने जाते?

दीर्घकाळ न आवरलेला बीपी आणि शुगर ही किडनी निकामी होण्याची मोठी कारणे आहेत. म्हणजे ज्या गोळ्यांना दोष दिला जातो, त्या बहुतेकदा किडनी वाचवत असतात. खरी शंका घ्यायची ती दुखण्याच्या गोळ्यांवर. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक या गोळ्या बीपी वाढवतात, बीपीच्या गोळीचा गुण कमी करतात आणि लघवीची गोळी चालू असताना किडनीला जास्त अपाय करतात. खुरपणीने कंबर धरली, गुडघे दुखले, की चिठ्ठीशिवाय दोन-चार गोळ्या आणून रोज खाल्ल्या जातात. रोजची औषधे घेणाऱ्याने दुखण्यासाठी आधी पॅरासिटामॉलबद्दल डॉक्टरांना विचारावे.

सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांबद्दलही तेवढेच गंभीर सांगणे आहे. दोन दिवसांत गुडघे मोकळे करणाऱ्या अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. शुगर अचानक का वाढली याचे उत्तर कधी कधी त्या पुडीत असते. घेत असाल तर डॉक्टरांना पुडीसकट दाखवा. कारल्याचा रस, मेथी, काढे घेत असाल तर तेही सांगा. शुगरच्या गोळीबरोबर ते घेताना शुगर खाली जाऊ शकते. 'कमी सोडियमचे मीठ' आणायच्या आधीही विचारा. त्यात पोटॅशियम असते, आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्याच्या किंवा किडनी कमजोर असलेल्याच्या रक्तात ते साठू शकते.

तपासण्या टाळू नका. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल घेणाऱ्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, शुगरवाल्यांनी तीन ते सहा महिन्यांनी एचबीए१सी, बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी अधूनमधून बी१२, थायरॉइडचा डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच. घरी बीपी मोजताना पाच मिनिटे शांत बसा, पाय जमिनीला टेकवा, पट्टा उघड्या दंडावर बांधा, आणि आधी अर्धा तास चहा किंवा मशेरी नको.

खर्च कमी करण्याचे सरळ मार्ग

पैशांमुळे गोळी दिवसाआड घेणारे पुष्कळ आहेत. ते लाजेपोटी बोलत नाहीत. हेही डॉक्टरांना सांगायचे असते, कारण त्यावर उपाय आहेत.

१. सरकारी दवाखाना. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि औषधे मोफत आहेत. पणदऱ्याचे प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्रे, बारामतीचे सिल्व्हर ज्युबिली आणि इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय यांत मोडतात. तीस वर्षांवरील प्रत्येकाची बीपी-शुगरची तपासणी ही राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहे. नाव नोंदवले की साधारण महिन्याच्या गोळ्या मिळतात. तुमच्या आशाताईंना विचारा. बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, तिथले शुल्क केसपेपरच्या खिडकीवर विचारून घ्या.

सरकारी गोळीत दम नसतो असे म्हणून ती नाकारू नका. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन हीच औषधे खासगी चिठ्ठीवरही असतात. नीरा नदीपलीकडचा सातारा जिल्हा २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या जिल्ह्यांपैकी एक. अशीच मोजकी, स्वस्त औषधे, घराजवळून आणि न चुकता, यावरच तो उभा राहिला. आरोग्य केंद्रात साठा संपला असेल तर पुढचा कधी येणार ते विचारा, आणि मधल्या दिवसांसाठी विकत घ्या. गोळी थांबवू नका.

२. जनऔषधी केंद्र. इथली औषधे नामांकित कंपन्यांच्या मानाने निम्म्याहून कमी दरात मिळतात. जवळचे केंद्र 'जनऔषधी सुगम' अ‍ॅपवर सापडते. अडचण एकच. चिठ्ठीवर कंपनीचे नाव असेल तर दुकानदाराने स्वतःहून दुसरी गोळी देणे औषध नियमांना धरून नाही. म्हणून डॉक्टरांनाच मूळ नावाने लिहून द्यायला सांगा. फिटची, थायरॉइडची आणि रक्त पातळ करणारी औषधे शक्यतो एकाच कंपनीची ठेवा. बदललीच तर डॉक्टरांना कळवा.

३. ईएसआय. पणदरे किंवा बारामती एमआयडीसीतल्या कंपनीत महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल आणि ईएसआयची वर्गणी कापली जात असेल, तर तुमच्यासह कुटुंबाच्या औषधांचाही त्यात हक्क आहे.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेवर मात्र रोजच्या गोळ्यांसाठी विसंबू नका. ती दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या ठराविक उपचारांसाठी आहे.

ऊसतोडीच्या टोळ्या बीड, अहिल्यानगरकडून येतात तेव्हा त्यांच्यातही बीपी-शुगरची माणसे असतात, आणि घरून आणलेल्या गोळ्या महिन्यात संपतात. तुमच्या फडात तोड चालू असेल तर त्यांना आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवा. आपला तालुका नाही म्हणून त्यांनी तिथे जायला कचरू नये.

ऊन, लोडशेडिंग, वारी

गोळ्या गाडीच्या डिकीत, ट्रॅक्टरच्या पेटीत किंवा चुलीवरच्या फळीवर ठेवू नका. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी टाकून द्यायचे. वापरात असलेली बाटली सावलीत, थंड जागी, साधारण चार आठवडे चालते. चैत्र-वैशाखात वीज जात असेल तर मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू भरा, त्यात छोटे मडके बसवा, आणि बाटली कोरड्या प्लास्टिकच्या डबीत घालून त्या मडक्यात ठेवा. वाळू ओली ठेवत राहा. आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच थंड राहते.

तुकोबारायांच्या पालखीबरोबर बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत पंढरपूरला जाणाऱ्यांनी सगळ्या दिवसांच्या गोळ्या आणि चार-पाच दिवसांच्या जास्त बरोबर घ्याव्यात. त्या दिंडीच्या ट्रकमध्ये नकोत, ट्रक मुक्कामी पुढे निघून जातो. खांद्याच्या पिशवीत हव्यात, सोबत तो कागद आणि थोडी साखर. वाटेवर सरकारी आरोग्य पथके असतात, त्यांना कागद दाखवला की काम सोपे होते.

तुमचे हक्क

- वैद्यक परिषदेच्या नियमांनुसार डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव वाचता येईल अशा, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे. वाचता येत नसेल तर तिथेच विचारा.
- दाखल झालेल्या रुग्णाने कागदपत्रे मागितल्यास ती ७२ तासांत द्यावी लागतात.
- प्रत्येक खरेदीचे बिल मागा. बॅच नंबर त्यावर असतो, तक्रार करायची तर तोच लागतो.
- छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतल्यास राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाकडे तक्रार करा: १८००-१११-२५५.
- गोळी बनावट किंवा खराब वाटली तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला कळवा: १८००-२२२-३६५. पाकीट फेकू नका.
- औषधाचा दुष्परिणाम रुग्णही नोंदवू शकतो: १८००-१८०-३०२४.
- रात्री-अपरात्री शंका आली तर आरोग्य सल्ल्यासाठी १०४.

फोन लावताना तो कागद समोर ठेवा. पलीकडून पहिला प्रश्न हाच येईल की सध्या कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत.